‘छान आहे’ या उत्तराचं काय करायचं?

अ‍ॅप तयार करणारी मंडळी ते पहिल्यांदा लोकांपुढे ठेवतात आणि विचारतात, “कसं वाटलं?” उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : “छान आहे.” फारच आग्रह केला तर, “रंग जरा वेगळा चालला असता.” मंडळी समाधानानं परततात, अ‍ॅप बाजारात येतं आणि तीच माणसं ते एकदा उघडून, ओटीपीच्या पानावर अडकून, पुन्हा उघडत नाहीत. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. दारात आलेल्या माणसानं मेहनतीनं केलेल्या वस्तूला तोंडावर नावं ठेवायची नाहीत, एवढी रीत आपल्याकडे सगळ्यांना असते. ‘युजर रिसर्च’ म्हणून ज्या पद्धती शिकवल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा या रीतीला वळसा घालून खरं काय ते कसं कळेल, यासाठीच्या आहेत. कोणती पद्धत कधी वापरायची हे ठरवतानाही हीच कसोटी सगळ्यात उपयोगी पडते, असं मला वाटतं.

बंगळुरूतला प्रयोग

ही भिडस्ती किती मोठी असते, हे भारतातच मोजलं गेलं आहे. निकोला डेल, इंद्राणी मेधी, विल्यम थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत ४५० मुलाखती घेतल्या आणि २०१२ साली त्यांचे निष्कर्ष मांडले. रचना साधी होती. माणसापुढे दोन गोष्टी ठेवायच्या, त्यांतली एक मुलाखत घेणाऱ्यानं स्वतः तयार केली आहे असं भासू द्यायचं आणि कोणती आवडली ते विचारायचं. दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या असतानाही ‘मुलाखतकाराची’ गोष्ट निवडण्याकडे लोकांचा कल सुमारे अडीच पट होता. प्रश्न विचारणारा परदेशी असेल आणि सोबत दुभाषा असेल, तर हाच कल पाच पटींवर गेला. पुढे त्यांनी मुलाखतकाराची वस्तू मुद्दाम बिघडवली, उघड उघड डावी दिसेल अशी केली. तरीही लोकांनी तीच पसंत केली.

ज्या टीमच्या अहवालात ‘९० टक्के लोकांना अ‍ॅप आवडलं’ असं वाक्य असतं, तिनं हा प्रयोग आधी वाचावा. यातून निघणारी पहिली सूचना फुकटात अमलात आणता येते : चाचणी घेणाऱ्यानं “हे आम्ही केलंय” असं म्हणू नये. “हे दुसऱ्या टीमनं केलंय, मला यातल्या चुका शोधायला पाठवलंय,” असं सांगता आलं आणि ते खरंही असलं, तर उत्तम. म्हणूनच डिझाइन करणारा आणि चाचणी घेणारा शक्यतो वेगळे असावेत.

मुलाखत : मत नको, घडलेलं सांगा

समजा, शेतकऱ्यांसाठी पीकनोंदणीचं एक नवं अ‍ॅप करायचं आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः, शेतात उभं राहून, फोटो काढून करायची पद्धत आली. त्यामुळे हे काम अनेकांच्या ओळखीचं आहे. आपलं अ‍ॅप मात्र काल्पनिक धरू.

“असं अ‍ॅप आलं तर वापराल का?” या प्रश्नाला “वापरू की!” याखेरीज उत्तर नाही. पुढच्या हंगामात आपण काय करू, हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. मागच्या हंगामात काय केलं ते ठाऊक असतं. म्हणून प्रश्न मागचे विचारायचे. “काका, गेल्या खरिपात नोंद कधी केली? त्या दिवशी आणखी काय काम चाललं होतं? फोन कोणाच्या हातात होता? नोंद झाली हे कशावरून कळलं?” यावर “पोरानं केली, मी गट नंबर सांगत होतो,” असं उत्तर आलं, तर अख्ख्या डिझाइनचा पाया बदलतो. आपला वापरकर्ता एक नसून दोन आहेत. एकाला शेत माहीत आहे, दुसऱ्याला फोन. दोघं एकाच स्क्रीनकडे बघतात आणि दोघांच्या शंका वेगळ्या असतात. ही गोष्ट “तुम्हाला कोणत्या सोयी हव्यात?” असं शंभर जणांना विचारूनही कळली नसती.

मुलाखतीत सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. उत्तर संपल्यासारखं वाटलं की नवा मुलाखतकार लगेच पुढचा प्रश्न टाकतो. चार-पाच सेकंद थांबलं, तर समोरचा माणूस स्वतःहून पुढचं बोलतो आणि कामाची गोष्ट बऱ्याचदा तिथेच असते. दुसरी अडचण आपल्याकडची खास आहे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब असा कोणी गावात आला की तो सरकारी माणूस ठरतो. मग उत्तरं अनुदानाच्या आशेनं किंवा चौकशीच्या धास्तीनं दिली जातात. बाईशी बोलायचं असेल तर शेजारी नवरा, सासू आणि दोन दीर बसतात आणि तिच्या वाट्याचं उत्तर भलताच कोणी देतो. यावर हमखास उपाय नाही. बाईशी बोलायला बाई गेली, गावातल्या ओळखीच्या कोणाबरोबर गेली आणि आधी फोन न काढता तासभर बोलत बसली, तर बराच फरक पडतो. वेळापत्रकात हा तासभर धरलेला नसतो, तो धरायला हवा.

जागेवर जाऊन पाहणं

माणूस जे करतो त्यातलं बरंचसं त्याला सांगता येत नाही, कारण ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगण्याजोगं वाटतच नाही. म्हणून काम चालू असताना शेजारी बसून पाहायचं आणि मधूनमधून “हे असं का केलंत?” असं विचारायचं. केरन होल्ट्झब्लाट आणि ह्यू बायर यांनी या पद्धतीला शिस्त दिली. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९९८ साली आलं. त्यात संशोधकानं उस्तादापुढे बसलेल्या शागिर्दाची भूमिका घ्यावी, असं ते म्हणतात. आपल्याला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. शागीर्द चुका काढत नाही, शिकायला आलेला असतो.

या विचाराची सगळ्यात गमतीची कथा झेरॉक्स कंपनीतली आहे. मोठं हिरवं बटण दाबा की काम झालं, अशी कंपनीच्या कॉपी मशीनची जाहिरात होती आणि ग्राहक मात्र मशीन किचकट असल्याची तक्रार करत होते. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात, ‘पार्क’मध्ये, ल्युसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ काम करत होत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोन माणसांना त्या मशीनवर कॉपी काढायला सांगितलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. दोघंही वैतागले, मशीन काय मागतंय आणि आपण कुठे आहोत यावर वाद घालत राहिले. हे चित्रीकरण पाहून कंपनीतल्या एका वरिष्ठानं, “ही माणसं गोदामातून पकडून आणली का?” अशा अर्थाचं काहीतरी विचारलं, असं सांगतात. त्या दोघांपैकी एक होते ॲलन न्यूएल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संस्थापकांपैकी एक आणि १९७५ सालच्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. दुसरे संगणकीय भाषाशास्त्रज्ञ रॉन कॅप्लन.

किस्सा मजेदार आहेच, पण त्यातली पद्धतही टिपून ठेवण्यासारखी आहे. सचमन यांनी माणसं दोन घेतली होती. एकटा माणूस अडकला की मुकाट्यानं बटणं दाबत राहतो. दोघं असले की एकमेकांशी बोलतात आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते आपोआप कानावर पडतं. “मोठ्यानं विचार करा,” असं सांगितल्यावर अवघडणाऱ्या आपल्याकडच्या लोकांसाठी जोडीची ही युक्ती फार सोयीची पडते.

आपल्या पीकनोंदणीच्या अ‍ॅपसाठी बांधावर जाऊन काय दिसेल? उन्हात स्क्रीन वाचता येत नाही. हात मातीचे असतात. नेटवर्क शेताच्या एका कोपऱ्यात मिळतं, दुसऱ्यात नाही. बॅटरी दहा टक्क्यांवर आलेली असते. फोटो काढताना सूर्य पाठीमागे की समोर, याचा पत्ता नसतो. ऑफिसच्या एसीत यातलं काहीच सुचत नाही.

चाचणी : काम द्या आणि बघा

तयार किंवा अर्धवट तयार अ‍ॅप लोकांच्या हातात देऊन त्यांना एखादं काम करायला सांगणं, याला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. अर्धवट म्हणजे किती? कागदावर पेन्सिलीनं काढलेले पडदेही चालतात. उलट, कच्च्या चित्रावर लोक मोकळेपणानं बोलतात. चकचकीत पडदा पाहिला की ‘आता हे झालेलंच आहे, बोलून काय उपयोग’ असं त्यांना वाटतं.

काम सांगण्याची भाषा इथे निर्णायक ठरते. “‘नवीन नोंद’ या बटणावर जाऊन पीक निवडा,” असं सांगितलं, तर उत्तर आपणच देऊन टाकलं. त्याऐवजी म्हणायचं, “तुमच्या खालच्या वावरात सोयाबीन आहे. ते सरकारदरबारी लागलं पाहिजे. करून दाखवा.” मग हात मागे बांधून बसायचं. माणूस चुकीच्या जागी बोट नेतो तेव्हा आपली जीभ शिवशिवते, तो क्षण सांभाळायचा. त्यानं “आता काय करू?” असं विचारलं, तर “मी इथे नसतो तर काय केलं असतं?” असं विचारायचं. आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं की परीक्षा अ‍ॅपची आहे, तुमची नाही. आपल्याकडे शाळेनं परीक्षेची जी धास्ती लावून ठेवली आहे, ती पाहता हे वाक्य दोनदा सांगितलं तरी जास्त होत नाही.

करताकरता मनातलं बोलत राहण्याची पद्धत मुळात मानसशास्त्रातली. आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ साली ती संगणकाच्या पडद्यांच्या चाचणीसाठी मांडली आणि आजही ती या क्षेत्राची रोजची भाकरी आहे. मात्र ती सगळीकडे सारखी चालत नाही. अपाला लाहिरी चव्हाण यांना भारतात काम करताना असं दिसलं, की लोक अनोळखी माणसासमोर टीका करायला कचरतात. त्यांनी काढलेला उपाय ‘बॉलिवूड पद्धत’ म्हणून ओळखला जातो. विमानाचं तिकीट काढायला नुसतं सांगण्याऐवजी गोष्ट रचायची : तुमच्या निरागस भाचीचं लग्न ठरलंय, आणि आत्ताच कळलंय की नवरा मुलगा भाडोत्री मारेकरी आहे, शिवाय त्याचं आधीच लग्न झालेलं आहे! त्याच्या पहिल्या बायकोला घेऊन तुम्हाला ताबडतोब बंगळुरू गाठायचंय, काढा तिकीट. नाट्यात शिरलेला माणूस पाहुणचार विसरतो. तिकीट निघेना की तो वेबसाइटवर मनापासून चिडतो, आणि आपल्याला हवा असतो तो हाच राग. काहींना हा प्रकार बालिश वाटतो. मला तो आपल्या मातीतून निघालेल्या थोड्या पद्धतींपैकी एक म्हणून महत्त्वाचा वाटतो.

पाच माणसं पुरतात का?

या क्षेत्रात सगळ्यात जास्त फेकला जाणारा आकडा पाचचा. तो आला जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांच्या १९९३ सालच्या गणितातून. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एखादी अडचण एका माणसाच्या चाचणीत उघड होण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के निघाली. त्या हिशेबानं पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. त्यानंतरची माणसं बहुतेक तेच तेच दाखवतात. नील्सन यांचा सल्ला असा, की पंधरा माणसांचा खर्च परवडत असेल तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधल्या काळात दुरुस्त्या करा.

सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो अर्धाच लक्षात राहतो. ३१ टक्के ही सरासरी आहे. एखादी अडचण दहातल्या एकालाच येत असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते, म्हणजे न दिसण्याचीच जास्त. जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी २००१ साली मोठ्या वेबसाइटच्या बाबतीत पाच माणसं अजिबात पुरत नाहीत, असं दाखवलं. शिवाय पाच जण एकाच प्रकारचे हवेत. विदर्भातला कापूस उत्पादक, नाशिकचा द्राक्षबागाईतदार आणि कोकणातला आंबेवाला हे तीन वेगळे गट आहेत; प्रत्येकातून तीन-चार माणसं घ्यावी लागतील. आणि ‘ऑफिसातल्या पाच जणांना दाखवलं’ हे कोणत्याच गणितात बसत नाही.

चिठ्ठ्या आणि डायरी

दोन लहान पद्धती. महापालिकेच्या वेबसाइटवर जन्मदाखला, पाणीपट्टी, मालमत्ता कर, झाड तोडण्याची परवानगी अशा पन्नास गोष्टी कुठे ठेवायच्या? प्रत्येकीची एक चिठ्ठी करायची आणि लोकांना त्यांच्या मनाप्रमाणे गठ्ठे करायला सांगायचं. बहुतेक सरकारी वेबसाइटची मांडणी खात्यांप्रमाणे असते. नागरिकाच्या डोक्यात मात्र खाती नसतात, ‘मूल झालं’, ‘घर घेतलं’, ‘दुकान टाकायचंय’ असे प्रसंग असतात. चिठ्ठ्यांचे गठ्ठे हे तासाभरात दाखवून देतात.

डायरी पद्धतीत दोन-तीन आठवडे लोकांनी स्वतःच नोंदी ठेवायच्या असतात. लिहायला सांगितलं तर तिसऱ्या दिवसापासून वही कोरी राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवायला सांगितलं, तर लोक भरभरून बोलतात.

आकडे काय सांगतात, काय नाही

आतापर्यंतच्या पद्धती थोड्या माणसांच्या आणि खोलात जाणाऱ्या. मोठ्या संख्येचं काम वेगळं. सर्वेक्षणातला सगळ्यात टिकलेला नमुना म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या जॉन ब्रूक यांनी १९८६ साली केलेली दहा विधानांची प्रश्नावली. ‘सस’ या नावानं ती ओळखली जाते. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण द्यायचे. विधानं आलटूनपालटून कौतुकाची आणि तक्रारीची असतात, त्यामुळे सगळीकडे डोळे मिटून ‘सहमत’ म्हणणारा पकडला जातो. शेवटी १०० पैकी गुण येतात. अनेक अभ्यासांची सरासरी ६८ च्या आसपास आहे. लक्षात ठेवायचं ते हे, की हे गुण टक्के नाहीत आणि ७० म्हणजे ‘फर्स्ट क्लास’ नाही.

अ‍ॅपमधल्या क्लिकची मोजदाद आणि ए-बी चाचणी यांत भिडस्तीचा प्रश्नच येत नाही, कारण माणसाला विचारलेलंच नसतं. अर्ध्या लोकांना एक पडदा, अर्ध्यांना दुसरा, आणि कोण पुढे जातं ते पाहायचं. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या बिंगमध्ये जाहिरातींचं शीर्षक दाखवण्याची एक किरकोळ कल्पना कित्येक महिने बाजूला पडून होती. एका अभियंत्यानं ती ए-बी चाचणीत घातली आणि उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. कोणत्याही मुलाखतीत हे सापडलं नसतं. उलट बाजूचं उदाहरण गूगलचं. डिझायनर डग्लस बोमन यांनी २००९ साली कंपनी सोडताना लिहिलं, की दोन निळ्या रंगांतून एक ठरवता येईना म्हणून तिथे ४१ छटांची चाचणी चालली होती. आकडा काय घडलं ते सांगतो. शेतकरी फोटोच्या पानावरून परत का फिरला, हे त्यातून कळत नाही; त्यासाठी पुन्हा बांधावर जावं लागतं.

अक्षरओळख कमी असेल तर

इंद्राणी मेधी आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या वस्त्यांमधल्या घरकाम करणाऱ्या बायकांसाठी अक्षरांशिवायचे पडदे तयार केले : चित्रं आणि आवाज. काम शोधण्याच्या त्या अ‍ॅपमध्ये बारकावे चाचणीतूनच कळले. नुसतं भांड्यांचं किंवा चुलीचं चित्र काढलं तर ते ‘स्वयंपाकघर’ असं, म्हणजे जागा म्हणून वाचलं जाई. नळातून पडणारं पाणी, किटलीतून निघणारी वाफ दाखवली, की ‘भांडी घासणं’, ‘स्वयंपाक’ असं काम कळे. त्याहून मोठा धडा पुढचा होता. पडदे कळले तरी बायका थबकत. या यंत्रातून आपल्याला काम मिळेल हेच खरं वाटत नव्हतं, शिवाय ते बिघडण्याची भीती. म्हणून मेधी यांच्या गटानं सुरुवातीला एक व्हिडिओ घातला : कोणाला कामवाली हवी आहे, ती माहिती यंत्रात कशी जाते, ती बाईपर्यंत कशी पोचते. युजेबिलिटी टेस्टिंग नुसतं बटणांपुरतं केलं असतं, तर ही अडचण ‘बाईला जमलं नाही’ या खात्यात गेली असती.

काही गोष्टींना वेळच द्यावा लागतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अनिरुद्ध जोशी यांच्या गटानं ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड केला. त्यात व्यंजनाला बोट लावलं की भोवती त्याची बाराखडी उमलते. असा कीबोर्ड चांगला की वाईट, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवणं अन्यायाचं, कारण पहिल्या दिवशी प्रत्येक नवा कीबोर्ड छळतो. मराठी टाइप करताना शब्द सुचवण्याच्या सोयीचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासणारा २०१६ सालचा अभ्यास म्हणूनच दीर्घकाळ चालवलेला होता.

संमती

चाचणीत स्क्रीन रेकॉर्ड होते आणि तिच्यावर बँकेचा मेसेज, आधार क्रमांक, नात्यातल्या भांडणाचं व्हॉट्सअ‍ॅप काहीही येऊ शकतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणानं, नेमक्या कारणासाठी आणि समजून दिलेली हवी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्या सहज मागे घेता आली पाहिजे. संमतीची सूचना मराठीतही देता येते, म्हणजे ती मराठीतच द्यावी. आणि वाचून दाखवावी. शक्य असेल तर चाचणीसाठी आपला फोन न्यावा. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला मानधन द्यावं आणि ते चाचणी सुरू होण्याआधी द्यावं, नाहीतर तो पैशांसाठी गोड बोलतो.

नोंदींचं पुढे

पाहून झालं की शेकडो नोंदी उरतात. प्रत्येक नोंद एका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावायची आणि सारख्या वाटणाऱ्या जवळ आणायच्या, ही पद्धत जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या नावावरून ‘केजे’ म्हणून ओळखली जाते. गटांना नावं शेवटी द्यायची. आधी नावं दिली की चिठ्ठ्या आपल्या आवडत्या नावाखाली जाऊन बसतात. ‘छान आहे’ ऐकण्याची हौस आपल्यालाही असतेच. चिठ्ठीवर माणसाचे शब्द आणि कृती लिहायची, आपला अर्थ नाही. ‘शेतकऱ्याचा गोंधळ झाला’ ही वाईट नोंद. ‘फोटो काढल्यावर तीनदा मागे गेला, मग पोराला हाक मारली’ ही चांगली.

अहवाल मात्र कमी वाचले जातात. जॅरेड स्पूल यांनी बऱ्याच टीम पाहून एक साधं माप सुचवलं आहे : टीममधल्या प्रत्येकानं दर सहा आठवड्यांत निदान दोन तास प्रत्यक्ष वापरकर्त्यांना पाहण्यात घालवावेत. प्रत्येकानं म्हणजे कोड लिहिणाऱ्यानं, चाचणी विभागानं, आणि मंजुरीची सही करणाऱ्या साहेबांनीसुद्धा. साहेबांना मागच्या खुर्चीत बसवायचं, आणि आत येण्याआधी फोन सायलेंटवर टाकून शेतकऱ्याला मदत न करण्याचं वचन घ्यायचं.